आतला बघितलास?

आमच्या मेहुण्याच्या टेम्पोला सात टायर आहेत. चार दिसतात, एक स्टेपनी म्हणून खाली लटकलेला असतो, आणि उरलेले दोन आहेत असं सगळे म्हणतात.

मीही इतकी वर्षं तसंच म्हणत आलो. मागच्या प्रत्येक बाजूला दोन-दोन चाकं जोडीने असतात हे एस्टीच्या स्टँडवर वाढलेल्या कुठल्याही पोराला माहीत असतं. पण त्या आतल्या चाकालाही टायर आहे, टायरात हवा आहे, ती कधीतरी कमी होत असेल आणि कुणीतरी ती भरत असेल, हा विचार साठी उलटेपर्यंत माझ्या मनाला शिवला नव्हता. गेल्या एप्रिलमध्ये तो शिवला आणि माझ्या दोन पँटी गुडघ्यावर फाटल्या.

झालं असं, की हापूसच्या १२० पेट्या रत्नागिरीहून वाशीच्या मार्केटला जायच्या होत्या. मेहुणा म्हणाला, "भावोजी, तुम्ही जा तात्याबरोबर. त्याला रात्री बोलायला माणूस लागतो, नायतर झोपतो." माझी बडबड कुणाच्या तरी जिवाला उपयोगी पडते हे लग्नानंतर प्रथमच ऐकत होतो. लगेच तयार झालो.

टेम्पो म्हणजे टाटांचा ४०७. टाटांच्या गाडीला टेम्पो का म्हणायचं, असं एका चौकस वाचकाने मला मागे विचारलं होतं, त्यांना इथेच उत्तर देऊन टाकतो. टेम्पो ही मूळची हँबर्गची कंपनी. १९५८ साली आपल्याकडे बजाज टेम्पो निघाली, तिची तीनचाकी देशभर फिरली आणि नाव लोकांच्या तोंडात बसलं. २००५ साली त्या कंपनीने आपलं नाव बदलून फोर्स केलं, पण लोकांनी तोंड बदललं नाही. टाटांनी १९८६ साली ४०७ आणला तोही बिचारा टेम्पोच झाला. स्टेपनीचंही तेच. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं. वेल्समधल्या लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली ते विकायला काढलं आणि आपल्या दुकानाच्या रस्त्याचं नाव त्याला दिलं, स्टेपनी. साहेब ते नाव विसरून गेला. आमच्या टेम्पोवरच्या क्लीनरला, बारक्याला, वेल्स कुठे आहे ते ठाऊक नाही, पण "स्टेपनीत हवा नाय" हे तो झोपेतही सांगतो.

असो. निघायच्या आधी मेहुण्याने नाक्यावर सगळ्या टायरांत ऐंशी पौंड हवा भरून घेतली होती. किती भरायची यावरही एक परिषद झाली. मेहुणा म्हणे पंचाहत्तर, तात्या म्हणे माल भरलाय तर नव्वद, आणि गाडीवरची जी पट्टी हे सांगते तिच्यावर रंगाचे तीन हात बसलेले. शेवटी ऐंशीवर तडजोड झाली. मग तात्याने सीटमागून टॉमी काढली. टॉमी म्हणजे रिमवरून टायर उचकटायची लोखंडी पट्टी. तिचे उपयोग तीन: टायर ठोकणं, ढाब्यावरची कुत्री हाकलणं आणि वाकड्यात शिरणाऱ्या कारवाल्याला ती काचेतून नुसती दाखवणं. उचकटायला पंक्चरवाल्याची वेगळी असते.

तात्याने बाहेरच्या टायरवर टॉमी हाणली. ठण्ण! टायर तबल्यासारखा बोलला. मग आतल्याची पाळी. टॉमीचं टोक दोन टायरांच्या फटीत घालून त्याने ते थोडं हलवलं आणि डोळे मिटून कान लावला. गाडीचं इंजिन चालू होतं, केबिनमध्ये गाणी चालू होती, मेहुणा पेट्या मोजणाऱ्यावर खेकसत होता.

"आतला?" मी विचारलं.

"आतला हाय," तात्या म्हणाला.

नीट ऐका. आतला ठीक आहे असं तो म्हणाला नाही. आतला आहे, एवढंच म्हणाला.

आता या जोडटायरांचं एक दुखणं आहे, ते समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. एकट्या टायरातली हवा गेली की तो बसतो. खालून पसरतो, गाडी कलते, रस्त्यावरचं शाळकरी पोरही बोट दाखवतं. जोडीत तसं नाही. आतल्याची हवा गेली की शेजारचा निमूट दोघांचं ओझं उचलतो आणि हवा गेलेले महाशय त्याच्या आधाराने ताठ उभे. बघणाऱ्याला वाटावं, काय जोडी आहे! मी बँकेत बत्तीस वर्षं काढली. असा एक प्रत्येक शाखेत असतो. मी आतला होतो की बाहेरचा, हे माझ्या जुन्या सहकाऱ्यांना विचारू नये.

टॉमीच्या ठोक्याने टायर पार बसलाय की नाही एवढं कळतं. त्यात पासष्ट पौंड आहे की ऐंशी, हे तानसेनालाही ऐकून सांगता यायचं नाही. आणि ट्रकच्या टायरांच्या धंद्यात हिशेब असा आहे, की ठरल्या हवेत २० टक्के घट झाली की तो टायर बसलाच असं धरायचं. म्हणजे ऐंशीचा चौसष्ट झाला की खलास. तात्याच्या कानाला चौसष्टही ठण्ण आणि ऐंशीही ठण्ण.

म्हणून मी खिशातून माझा काटा काढला.

हा हवा मोजायचा काटा मला टेक्सासहून पुतण्याने पाठवला होता. तो तिथे संगणकाचं काम करतो आणि सुट्टीत चाकांवरचं घर ओढत हिंडतो. ते ओढायला त्याने मागे चार चाकं असलेली पिकअप घेतली आहे. तिथे तिला ड्युअली म्हणतात. १९७३ साली शेवरलेने ती कारखान्यातूनच तशी विकायला काढली, तेव्हापासून तिथली माणसं सहा टायरांची गाडी घरगुती वापरासाठी बाळगतात आणि वाणसामानालाही तीच नेतात. पुतण्याने ती घेतली तेव्हा फोटो पाठवला होता. मागचे मडगार्ड दोन्हीकडे असे फुगलेले, की गाडी कमरेवर हात ठेवून भांडायला उभी आहे असं वाटावं. पहिले दोन महिने तो तिच्याविषयी प्रेमाने बोलायचा. तिसऱ्या महिन्यात फोनवर म्हणाला, "काका, आतल्या टायरची हवा बघायची म्हणजे शिक्षा आहे हो. गराजमध्ये आडवं पडावं लागतं." मला तेव्हा त्याचं दुःख कळलं नव्हतं. अमेरिकेत सगळ्याला बटण असतं, अशीच माझी समजूत.

तिथे या कामासाठी दोन तोंडांचा नॉझल मिळतो. जोडीतली दोन्ही चाकं एकाच साच्याची, फक्त एक उलटं करून बसवलेलं. त्यामुळे एकाचा वॉल आत बघतो, दुसऱ्याचा बाहेर. म्हणून नॉझलचं एक तोंड ढकलून लावायचं आणि दुसरं ओढून. पुतण्याने वॉलला जोडायच्या लांब नळ्याही आणल्या, म्हणजे हात खोल घालायला नको. मग त्या नळ्याच गळायला लागल्या. आता तो नळ्यांची हवा बघतो.

तर काटा. आमच्या टेम्पोत आतल्या टायरचा वॉल बाहेरच्या चाकाच्या डिस्कला असलेल्या भोकातून डोकावतो. डोकावतो म्हणजे, बिळातल्या खेकड्याइतका. तिथवर पोचायला गुडघे टेकावे लागतात, मग एक कोपर, मग गाल जवळजवळ टायरला लावावा लागतो. ग्रीस, चिखल आणि कुठल्याशा गावच्या शेणातून वॉल चाचपावा लागतो. वॉलवर टोपण नसतंच. आतल्या वॉलला टोपण असलेला टेम्पो मी अजून पाहिलेला नाही, कारण एकदा काढलेलं टोपण परत लावायचं तर पुन्हा आडवं पडावं लागतं. मग काटा दाबायचा. फिस्स होतं. आकडा नीट आला नाही म्हणून पुन्हा दाबायचा. पुन्हा फिस्स. हवा मोजण्यासाठी आधी थोडी सोडावी लागते, ही या शास्त्राची गंमत आहे. तीनदा मोजून मी जाहीर केलं, "एकोणऐंशी."

"मगाशी ऐंशी होती," बारक्या म्हणाला. "तुमी मोजली म्हणून कमी झाली."

खरं होतं ते.

रात्री साडेनवाला निघालो. मुंबई-गोवा महामार्गाविषयी मी काही लिहिणार नाही. त्याचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, ते पुरं झालं की एकदमच लिहीन. भोस्ते घाट उतरून भरणे नाक्यावर चहाला थांबलो तेव्हा माझ्यातला नवा शास्त्रज्ञ गप्प बसेना. मी पुन्हा आडवा झालो. रात्री एक वाजता हमरस्त्याच्या कडेला साठीचा माणूस टेम्पोच्या चाकाशी पालथा पडलेला पाहून चहावाल्याचा पोरगा पाणी घेऊन धावत आला. मागोमाग एक गृहस्थ "चक्कर आली का हो?" करत आले. त्यांना काटा दाखवला तेव्हा त्यांनी पोराच्या हातातलं पाणी स्वतःच प्यायलं आणि गेले.

काट्यावर नव्वद.

मी हादरलो. ऐंशीची नव्वद! टायर फुटणार, आंबे रस्त्यावर, मेहुणा माझ्या उरावर. तात्या चहात बिस्कीट बुडवत होता. "गरम झालाय," तो म्हणाला. "ऱ्हाऊदे."

पण माझ्या हातात यंत्र होतं आणि यंत्रात आकडा होता. मी काडी घेऊन वॉलची पिन दाबली आणि डाव्या आतल्या टायरातली हवा मोजून दहा पौंड सोडली. उजव्या बाजूचीही सोडणार होतो, पण तिकडून ट्रक जात होते आणि शास्त्रावर माझी श्रद्धा तेवढी नाही. बाहेरच्यांना तात्याने हातच लावू दिला नाही.

इथे शाळेतलं विज्ञान आठवणाऱ्या वाचकांनी मला मनसोक्त हसून घ्यावं. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो. ३० अंशांवर ऐंशी पौंड असलेली हवा टायर ६० अंशांपर्यंत तापला की साधारण नव्वद दाखवते, आणि टायर बनवणाऱ्याने ते आधीच धरलेलं असतं. म्हणून हवा बघायची ती गाडी निघायच्या आधी, थंड टायरात. त्यातून आतला तर जास्तच तापतो. त्याला वारा लागत नाही आणि शेजारी ब्रेकचा ड्रम. घाट उतरताना तो ड्रम तव्यासारखा होतो. गरम टायरातली जादा हवा काढणं म्हणजे तापातल्या माणसाला वजन जास्त दिसतंय म्हणून उपाशी ठेवण्यासारखं आहे.

वाशीला पहाटे पोचलो, माल उतरायला दहा वाजले. तोवर टायर निवाले होते. मी गुपचूप मोजलं. एकाहत्तर.

मेहुण्याला फोन केला. लपवून उपयोग नव्हता, बारक्याने आधीच केला होता.

"भावोजी, हवा काढलीत?"

"जास्त झाली होती रे."

"आंबा पण पेटीत गरम होतो. म्हणून काय काढून ठेवता?"

यावर मला सुचण्यासारखं काही नव्हतं. तात्या तसाच निघाला. रिकामी गाडी, एकाहत्तर म्हणजे काय वाईट, असं त्याचं मत पडलं. निघताना बारक्याने टायरांच्या फटीत अडकलेला नारळाएवढा गोटा मात्र टॉमीने काढला. तो त्याचा मान आहे. जोडटायरांत दगड अडकला की दोन्हींच्या अंगाला खातो, आणि उडालाच तर मागच्याची काच जाते. बारक्याने गोटा मला दाखवून बाजूला ठेवला, शिकारीने वाघ दाखवावा तसा.

पेण ओलांडलं आणि मागून एक मोटारसायकलवाला हॉर्न द्यायला लागला. पुढे तो, मागे बायको, मधे पोर. पीं, पीं, पीं. तात्याने हात बाहेर काढून साइड दिली. तो जाईना. आणखी हॉर्न. तात्याने गाडी अजून डावीकडे घेतली. पीं, पीं. "साइड देऊन पण जात नाय," तात्या म्हणाला, "सकाळी सकाळी घेतलेली दिसतेय." टेम्पोच्या मागे मोठ्या अक्षरांत 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेलं आहे. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ साली ते लिहायला बंदी घातली, पण मेहुण्याच्या पेंटरपर्यंत ती पोचायची आहे. तेव्हा मागचा माणूस हॉर्न देतोय यात तात्याला वावगं काहीच दिसलं नाही. चांगली चार किलोमीटर ही जुगलबंदी चालली. शेवटी तो जीव मुठीत धरून आमच्या बरोबरीला आला आणि पाठीमागून त्याची बायको ओरडली,

"अहो, आतला बसलाय! धूर येतोय!"

माझ्या पोटात गोळा आला. थांबून बघतो तर डावा आतला जमीनदोस्त, शेजारचा ताठ. हात लावला तर चटका. हवा नसलेला टायर फिरताना सारखा चेपतो आणि उलगडतो, त्यातून उष्णता होते; असाच चालवत राहिलं तर तो पेटतोही. आम्ही वाचलो ते त्या बाईमुळे.

वडखळच्या अलीकडे एक पंक्चरवाला सापडला. झाडाला टांगलेल्या टायरवर चुन्याने 'पंचर' लिहिलेलं, आणि खाली कंप्रेसर धापा टाकत होता. आतला काढायचा म्हणजे आधी बाहेरचा काढायला लागतो. जॅक, पाना, पान्यावर पाइप, पाइपवर बारक्या. बाहेरचा सुटला आणि इतकी वर्षं ज्याच्याविषयी नुसतं ऐकत होतो त्या आतल्याचं दर्शन झालं.

गोटा! नक्षीचा पत्ता नाही, मारुतीच्या देवळातल्या पायरीसारखा गुळगुळीत. बाहेरचा मात्र कोरा करकरीत. मेहुण्याची अर्थनीती एका क्षणात उलगडली. नवा टायर बाहेर लावायचा, कारण पासिंगला जाताना बाहेरचा दिसतो. झिजलेला आत. वर म्हणायला मोकळे, की सहाही टायर आहेत. आता दोन्ही चाकं एकाच धुऱ्याला आवळलेली, त्यामुळे फेरे सारखेच घेणार. पण झिजलेल्याचा घेर लहान. मग मोठा ओझं घेतो आणि लहान त्याच्यामागे फरफटतो. जोडीत दोघं एका उंचीचे घ्यावेत, हे लग्न जमवणाऱ्यांनाही कळतं.

टायर उघडला तेव्हा ट्यूबच्या चिंध्या आणि मूठभर काळा रबराचा भुसा बाहेर पडला. पंक्चरवाल्याने आत बोटं फिरवून एक खिळा काढला. बारीक, दीडेक इंचाचा. तात्या तो उन्हात धरून बराच वेळ बघत राहिला.

"आपलाच हाय," तो म्हणाला. "पेटीचा."

माझी दहा पौंडं निर्दोष सुटली. इतका आनंद मला बँकेतल्या चौकशीतून सुटतानाही झाला नव्हता.

नवी ट्यूब घातली, ऐंशी हवा भरली, आतला बसवला, त्यावर बाहेरचा बसवला, नट आवळले, पैसे दिले. मी सवयीने काटा काढून आडवा झालो. वॉल दिसेना. डिस्कच्या सगळ्या भोकांतून डोकावलो. मग कळलं. बाहेरचं चाक बसवताना त्याचं भोक आतल्या वॉलसमोर आणायचं असतं. ते न बघता पठ्ठ्याने चाक जसं हाती आलं तसं चढवलं होतं. भोक एकीकडे, वॉल दुसरीकडे, मधे सबंध लोखंड. आता आतल्याची हवा बघायची तर बाहेरचं चाक काढावं लागणार.

पंक्चरवाल्याला सांगितलं. तो हात पुसत शांतपणे म्हणाला, "आत हवा भरलीय ना साहेब? मग वॉल कशाला पाहिजे?"

मी तात्याकडे बघितलं. न्याय तो देईल अशी आशा होती. तात्याने टॉमी घेतली, फटीत घातली, कान लावला.

"हाय," तो म्हणाला.

मी हट्टाला पेटून चाक पुन्हा काढायला लावलं. त्याचे शंभर रुपये वेगळे गेले आणि रत्नागिरीपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही. म्हणजे तात्याला झोप येऊ नये म्हणून मला पाठवलं होतं, तर तो रागाने जागा राहिला. कामगिरी पार पडली म्हणायची.

पुतण्याला सगळं कळवलं. त्याचं उलट टपाली उत्तर, म्हणजे फोनवरचा निरोप आला: "काका, इथे दोन्ही टायर नळीने जोडून हवा सारखी ठेवणारं यंत्र मिळतं. पाठवू का?" मी नको म्हटलं. मेहुणा ते बाहेरच्या बाहेर विकेल.

एक विनंती तेवढी करतो. रस्त्यात तुमच्या पुढे एखादा सहा टायरी टेम्पो असेल आणि त्याचा आतला टायर खाली पसरलेला किंवा फटीतून धूर येताना दिसला, तर कृपा करून हॉर्न वाजवू नका. हॉर्न वाजवला की आमचा तात्या साइड देतो. बरोबरीला या, काच खाली करा आणि ओरडून सांगा. मागे बायको बसलेली असेल तर तिला ओरडू द्या, तिचं ऐकतात.